घरात सापडलेलं पालीचं पिल्लू: आधी डब्यातला कापूस आणि दूध काढा

पत्र: सप्रेम नमस्कार. आम्ही रत्नागिरीजवळ राहतो. घर जुनं, चिऱ्याचं, कौलारू. परसदारी दगडांचा गडगा आणि त्याच्या पलीकडे कातळाचा सडा. गणपती तोंडावर आले म्हणून माजघरातल्या तसबिरी उतरवून पुसत होते, तर एका तसबिरीमागून इवलंसं पालीसारखं काहीतरी खाली पडलं. माझ्या बोटाच्या दोन पेरांएवढं. रंग तपकिरी, पाठीवर फिकट ठिपके, शेपटीवर गडद-फिकट पट्टे. दुसरीतल्या माझ्या लेकीने ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवलंय. झाकणाला भोकं पाडलीत, खाली कापूस घातलाय. बाटलीच्या झाकणात दूध ठेवलं, भाताची शितं ठेवली, पोळीचा चुरा ठेवला. दोन दिवस झाले, ते कशालाच तोंड लावत नाही. सासूबाई म्हणतात, पाल विषारी असते, पोरीला काही झालं म्हणजे? हे म्हणतात, उचल आणि टाक बाहेर. लेक रडते, आई हरवलेलं पिल्लू आहे म्हणते. ही नेमकी कुठली पाल? काय खाते? जगवायची कशी? पाठीवरून काढलेला एक फोटो जोडला आहे.

उत्तर:

ताई, पुढचं वाचण्याआधी उठून थोडं काम करून या. डब्यातला कापूस काढून टाका. दूध, भात, पोळी सगळं उचला. बोट ओलं करून डब्याच्या आतल्या एका बाजूवर पाण्याचे दोन-चार बारीक थेंब शिंपडा. डबा खिडकीत, गॅसजवळ किंवा फ्रिजवर असेल तर तिथून हलवा आणि माजघरातल्या एखाद्या सावलीतल्या कोपऱ्यात ठेवा. आज तिन्हीसांजेला या पिल्लाला सोडायचं आहे. कुठे आणि कसं, ते पुढे येतंच.

कापसाची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. मऊ बिछाना म्हणून लेकीने तो प्रेमाने घातला, पण पालीच्या पायाला कापूस फार वाईट. तिच्या बोटांखाली साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म केसांची दाट लव असते. टोके या ईशान्य भारतातल्या मोठ्या पालीच्या एका पावलावर असे सुमारे पाच लाख केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला आणखी शेकडो फाटे फुटलेले असतात. हे केस भिंतीच्या इतके जवळ जातात की रेणूंमधलं एरवी नगण्य असलेलं आकर्षणही पालीला तोलून धरायला पुरतं. जीवशास्त्रज्ञ केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 आणि 2002 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झालं. अशा पायात आणि नखांत कापसाचा धागा अडकला, की पिल्लू सुटायला धडपडतं, धागा आणखी आवळतो, रक्त पोचायचं थांबतं आणि बोट सुकून गळतं. खाली काही घालायचंच असेल तर साध्या टिश्यूची सपाट घडी घाला.

आता पाण्याच्या थेंबांकडे बघा, लेकीलाही जवळ बसवा. पाल वाटीतलं पाणी सहसा ओळखत नाही. भिंतीवरचे, पानांवरचे थेंब ती चाटते. पिल्लू आधी बराच वेळ हलणार नाही. मग मान किंचित पुढे येईल आणि जाड, गुलाबी, टोकाला गोलसर जीभ थेंबाला लागेल. पुन्हा लागेल. दोन दिवस डब्यात काढलेल्या जिवाला खाण्याच्या आधी हेच हवं असतं. पाणी पिऊन झालं की तीच जीभ ते डोळ्यांवरून फिरवेल. आपल्या घरातल्या पालींना मिटता येतील अशा पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक पडदा असतो आणि तो पुसायला जिभेशिवाय दुसरं साधन नाही.

दूध कुठल्याच सरपटणाऱ्या प्राण्याचं अन्न नाही. नागपंचमीला नागापुढे ठेवलेल्या दुधाचं जे, तेच इथेही. भात आणि पोळीचा धोका वेगळा आहे. पिल्लू ते खाणार नाही, पण त्या वासाने मुंग्या येतील, आणि बंद डब्यातल्या एवढ्याशा पिल्लाला लाल मुंग्या रात्रीत संपवतात.

लेकीचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो: याची आई कुठे आहे? तिला सांगा, हे पिल्लू हरवलेलं नाही. घरातली पाल एका वेळी बहुधा दोन अंडी घालते. पांढरी, टणक कवचाची, वाटाण्याहून थोडी मोठी. जागा असते तसबिरीमागची, मीटरच्या पेटीमागची, वाशाच्या खोबणीतली, पुस्तकांच्या मागची. अंडी घातली की आईचं काम संपलं. ती उबवत नाही, राखण करत नाही, पिल्लू बाहेर यायच्या वेळी जवळही नसते. हवेतल्या उष्णतेवर, साधारण दीड-दोन महिन्यांत पिल्लू आपलं आपण कवच फोडून बाहेर येतं. सुरुवातीला अंड्यातल्या बलकाची थोडी शिदोरी पोटात असते, त्यामुळे एक-दोन दिवस खाल्लं नाही तरी निभावतं. अंगावरची पहिली कात लवकरच निघते आणि बरीच पिल्लं तीच खाऊन टाकतात. त्यानंतर शिकार. कोणी शिकवत नाही, कोणी भरवत नाही.

यात एक कटू भाग आहे, तोही सांगायला हवा. मोठी पाल लहान पालीला खाते, आणि हे पिल्लू आपल्या जातीचं आहे की नाही हे ती बघत बसत नाही. म्हणून 'आईजवळ सोडू' म्हणून त्याला ट्यूबलाइटखाली बसलेल्या मोठ्या पालीशेजारी ठेवलंत तर घात होईल. सोडायची जागा निवडताना हे आठवा.

फोटोबद्दल. तो वरून काढलेला आहे आणि जरा हललेला आहे, पण डोकं अंगाच्या मानाने मोठं, डोळे टपोरे, शेपूट शाबूत, एवढं दिसतं. घराच्या आत, तसबिरीमागे सापडलं, हीही मोठी खूण. आपल्या घरांत राहणाऱ्या तीन-चार पालींपैकी एकीचं हे नुकतंच अंड्यातून आलेलं पिल्लू असावं असं मला वाटतं. या सगळ्या हेमिडॅक्टिलस या गटातल्या. रात्री चिक्-चिक् आवाज करणारी, शेपटीवर बारीक काट्यांच्या ओळी असलेली फ्रेनॅटस. अंगाने मोठी, पाठ गुळगुळीत आणि पोट पिवळट असलेली फ्लॅविविरिडिस. आणि पाठीवर खरखरीत दाणे व ठिपके असलेल्या पाली, ज्यांना पूर्वी सरसकट ब्रूकी म्हणत. एका नावाखाली कोंबलेल्या त्या पाली प्रत्यक्षात वेगवेगळ्या जातींच्या आहेत, हे आता संशोधकांनी दाखवून दिलंय. म्हणजे मोठ्या पालीलाही नाव देताना जाणकार अडतात. पिल्लात तर पाठीचे दाणे नीट दिसत नाहीत, पोटाचा रंग आलेला नसतो, आणि शेपटीवरचे पट्टे बऱ्याच जातींच्या पिल्लांत असतात. पाठीच्या एका फोटोवरून जातीचं नाव ठोकून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तरी तुमच्या पत्रातल्या एका शब्दाने मला थांबवलं. सडा. रत्नागिरीचे कातळसडे वरून ओसाड दिसतात, पण तिथल्या सुट्या दगडांखाली राहणाऱ्या पाली घरात येणाऱ्या पालींहून निराळ्या आहेत. हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस ही जमिनीवर वावरणारी चिमुकली पाल 1963 मध्ये शास्त्राला कळली ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावच्या नमुन्यांवरून. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरून 2008 मध्ये पालींचे अभ्यासक वरद गिरी आणि आरन बाऊर यांनी हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस या जातीचं वर्णन केलं. 2014 मध्ये कासच्या परिसरातल्या, निमॅस्पिस या दिवसा फिरणाऱ्या गटातल्या एका पालीला वरद गिरींचंच नाव मिळालं. या सगळ्या पाली पूर्ण वाढल्या तरी छोट्याच असतात. म्हणून एवढंसं दिसलं की ते पिल्लूच, असं आपल्या भागात धरून चालता येत नाही. तसबिरीमागे सड्यावरची पाल येण्याचा संभव कमी, पण मागच्या दारापलीकडे सडा असताना मी तो पुसून टाकणार नाही.

तेव्हा सोडण्याआधी दोन मिनिटांचं एक काम करा. काचेचा स्वच्छ ग्लास पिल्लावर हळूच पालथा ठेवा. खालून लग्नपत्रिकेसारखा जाड कागद सरकवा आणि ग्लास सरळ करा. वर कागद तसाच राहू दे. पिल्लू बहुतेक काचेवर चढून बसेल. आता बाहेरून, काचेतून, त्याच्या पावलांचा जवळून फोटो घ्या. घरातली पाल असेल तर बोटं पुढच्या भागात पसरट दिसतील, खाली आडव्या पट्ट्या दिसतील, आणि त्यातल्या बऱ्याच पट्ट्या मधोमध दुभंगून जोडीजोडीने लागलेल्या असतील. बोटाचं शेवटचं बारीक पेर त्या पसरट भागातून वर उचललेलं असतं आणि त्याच्या टोकाला नख असतं. पोटाची कातडी इतकी पातळ असते की आतला काळसर भाग दिसतो. घाबरू नका, ते आतडं.

बोटं सडपातळ, गाठीगाठीची, पसरट भाग नसलेली आणि डोळ्याची बाहुली गोल असेल, तर ते निमॅस्पिस गटातलं असू शकतं. या पाली दिवसा फिरतात. झाडांची खोडं, खडक, रानालगतच्या जुन्या भिंती ही त्यांची ठिकाणं, आणि गुळगुळीत काचेवर त्यांचं फारसं चालत नाही. रात्री फिरणाऱ्या घरपालीची बाहुली उजेडात उभी चीर होते. डोळा मिटता येणारी, ठळक पट्ट्यांची, जाड शेपटीची एक बिबट्या पाल पश्चिम महाराष्ट्रात आणि गुजरातेत आढळते, पण तिचं पिल्लूसुद्धा तुमच्या दोन पेरांपेक्षा बरंच मोठं असतं. तिचा विचार सोडा.

डोक्याचा एक फोटो बाजूने, एक पाठीचा, एक पावलांचा, आणि शेजारी चौकटीच्या वहीचा कागद म्हणजे लांबी कळेल. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर हे फोटो टाकलेत तर पालींचा अभ्यास करणारे लोक ते पाहतात. सड्यावरची किंवा रानातली पाल निघाली तर ठिकाण मात्र तालुक्यापुरतंच उघड ठेवा. अशा प्राण्यांना गिऱ्हाईक शोधणारी माणसं असतात.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचं भय बिनबुडाचं नाही, फक्त कारण वेगळं आहे. पाल विषारी नसते; आपल्याकडची काय, जगातली कुठलीच पाल विषारी नाही. एवढ्याशा पिल्लाचे दात आपल्या कातडीत शिरतसुद्धा नाहीत. पण पालीच्या आतड्यात साल्मोनेला गटातले जिवाणू असू शकतात, आणि विष्ठेतून ते ओट्यावर, भांड्यात, अन्नात पोचतात. दुधात पाल पडली की दूध फेकून द्यावं, हा जुन्या बायकांचा नेम त्यामुळे अगदी योग्य आहे. उलट्या-जुलाब होतात ते जिवाणूंमुळे, विषामुळे नाही. अंगावर पाल पडली तर ती जागा साबणाने धुतली की पुरे. पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टक असतं, पण तो श्रद्धेचा भाग झाला. शरीराला त्याने काही होत नाही.

लेकीला मात्र एक शिस्त लावा. डब्याला किंवा पिल्लाला हात लागला की कोपरापर्यंत साबण, आणि त्याआधी तोंडात बोट नाही. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला हे हाताळू देऊ नका. श्रीखंडाचा तो डबा आता पुन्हा स्वयंपाकघरात नको.

पाळण्याच्या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट 'नको' आहे. कायदा हे एक कारण: 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत आपल्याकडचे अनेक सरपटणारे प्राणी आहेत, आणि ज्याची जातच ठाऊक नाही असं रानटी जनावर घरात कोंडून ठेवणं त्यामुळे बरोबर नाही. त्याहून जवळचं कारण म्हणजे खाणं. या पिल्लाला जिवंत, हलणारे, त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून लहान किडे लागतात, आणि तेही रोज. घराच्या भिंतीवर ते त्याला पावसाळ्यात मुबलक मिळतात. डब्यात ते तुम्हाला पकडून आणावे लागतील, शाळा आणि गणपतीची गडबड सांभाळून. सुरुवातीचे दिवस उत्साहात जातात. पुढे एखाद्या दिवशी राहून जातं, मग पिल्लू सुकतं, आणि मुलीच्या वाट्याला मेलेलं पिल्लू येतं. ते तिच्यावर का लादायचं?

तरीही एक-दोन रात्री ठेवणं भाग पडू शकतं. मांजराने तोंडात धरलं असेल, पाय दुखावला असेल, किंवा पिल्लू इतकं मरगळलेलं असेल की ग्लासात अजिबात चढत नाही, तर थोडा आधार द्या. उभट बरणी घ्या आणि तोंडाला मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा रबराने बांधा. झाकणाच्या भोकांपेक्षा यातून हवा चांगली खेळते. खाली टिश्यू, आत अंड्याच्या ट्रेचा एक तुकडा तिरका उभा करा, म्हणजे लपायला जागा होईल. सकाळ-संध्याकाळ भिंतीवर थेंब. ऊन दाखवू नका, बल्ब लावू नका. बंद बरणी उन्हात काही मिनिटांत तापते आणि पिल्लाला पळायला जागा नसते. आपल्याकडच्या पावसाळी खोलीतलं तापमान त्याला पुरेसं आहे.

खायला चिलटं सगळ्यात सोयीची. पिकून काळं पडलेलं केळ्याचं साल एका छोट्या बाटलीत घाला आणि बाटली परसदारी उघडी ठेवा. चिलटं आत जमली की तोंडावर कागद धरून बाटली आणा, आणि अंधार पडल्यावर बरणीचं कापड थोडं उचलून ती आत झटका. चार-पाच पुरेत. पालीचं पिल्लू शिकार कसं करतं हे एकदा पाहण्यासारखं आहे. आधी डोकं वळतं, मग अंग जमिनीला चिकटतं, शेपटीचं फक्त टोक हळूहळू वळवळतं, आणि झडप इतकी झटकन होते की आपल्याला फक्त चिलट नाहीसं झालेलं कळतं. वाळवीतल्या मऊ कामकरी किड्यांपैकी लहान असतील तेही चालतात. मुंग्या, डास मारण्याच्या औषधाने पडलेले किडे आणि मेलेलं काहीही देऊ नका.

शेपूट तुटली असेल तर हळद लावू नका, मलम लावू नका, पट्टी तर मुळीच नको. शेपूट टाकणं हा पालीचा स्वतःचा बचाव आहे. ती जागा आपोआप मिटते आणि नवी शेपूट येते, जरी ती आतून हाडाऐवजी कूर्चेची असते आणि दिसायलाही वेगळी असते. शेपटीत चरबीचा साठा असतो, तो गेल्यामुळे अशा पिल्लाला अन्नाची गरज जास्त. म्हणजे त्याला लवकर सोडणंच हिताचं.

पत्रात नसलेली एक गोष्ट सांगतो, कारण अशी पत्रं मला फार येतात. उंदरासाठी ठेवलेल्या चिकट पुठ्ठ्यावर पालीचं पिल्लू अडकलं तर ओढू नका. कातडी सोलून निघते. इअरबडने खोबरेल किंवा गोडं तेल थेंबाथेंबाने पायाच्या कडेला लावत जा, एक पाय सुटला की त्याखाली कागद सरकवा, मग दुसरा. सगळं सुटल्यावर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा अगदी अंश घालून तेल टिपून काढा, पुन्हा साध्या पाण्याने टिपा आणि टिश्यूवर चालू द्या. नाकाला आणि डोळ्यांना तेल लागू देऊ नका. असे पुठ्ठे ठेवायचेच असतील तर कपाटाखाली, चारी बाजूंनी बंद खोक्यात ठेवा. खरं तर ठेवूच नका.

आता सोडण्याचं. घरपाल असेल, म्हणजे काचेवर सरसर चढत असेल आणि बोटं पसरट असतील, तर पडवीतली भिंत उत्तम. पाऊस लागत नाही, दिव्यावर किडे येतात. पण दिव्याच्या ऐन उजेडात मोठ्या पालींचं राज्य असतं. दिव्यापासून चार-पाच हात दूर, चिऱ्यांच्या सांध्यात फट असेल किंवा वाशाची खोबण जवळ असेल अशी जागा बघा. उजेड मावळल्यावर डबा भिंतीला टेकवून आडवा धरा, झाकण काढा आणि हात स्थिर ठेवा. उपडा करून झटकू नका. ते आपण होऊन बाहेर येईल. कधी लगेच, कधी पाच मिनिटांनी. लेकीनेच डबा धरावा. बॅटरीचा झोत त्याच्या डोळ्यांवर मारू नका, पडवीतला उजेड पुरे.

बोटं सडपातळ निघाली, काचेवर नीट चढलंच नाही, तर त्याला भिंतीवर ठेवण्यात अर्थ नाही. मागच्या गडग्यापाशी, सुट्या दगडांच्या कोरड्या फटीत, तुमच्या घराच्या जवळात जवळ सोडा. निमॅस्पिस असेल तर सकाळी, पाऊस थांबलेला असताना. दूरच्या रानात, डोंगरात नेऊन सोडायचं नाही. ते इथेच जन्मलं असणार आणि ते जगेल तेही इथेच.

सासूबाईंना स्वयंपाकघरात पाली नकोत, हे मान्य करून चालू. त्यासाठी मारायची गरज नाही. ओट्यावरचा दिवा काम झालं की बंद करा आणि पडवीतला थोडा वेळ चालू ठेवा. किडे जिथे, पाली तिथे. अन्न झाकलेलं ठेवा, ओट्याच्या मागची फट बुजवा. किडे मारायचा फवारा मारू नका: पाल विषबाधा झालेले किडे खाते आणि स्वतःही तडफडते. मोरीतली बादली रात्री पालथी घाला, कारण गुळगुळीत प्लॅस्टिकच्या बादलीत पडलेलं एवढंसं पिल्लू पाण्यातून वर येऊ शकत नाही. दाराच्या बिजागरीत आणि सरकत्या खिडकीच्या खाचेत चिरडून मेलेली पिल्लं या दिवसांत फार सापडतात. सकाळी दार ओढण्याआधी बिजागरीवर एकदा बोटाने टकटक करायची सवय मुलीला लावा. मुलं असली कामं मोठ्यांपेक्षा मनापासून करतात.

तिला एक वही द्या. दिवेलागणीला पडवीत बसून किती पाली दिसल्या, कुठल्या भिंतीवर, कोणी काय खाल्लं, कोणाची शेपूट तुटलेली आहे, एवढंच लिहायचं. तुटक्या शेपटीची पाल ओळखायला सोपी, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू दे. पोटाशी दोन पांढरे गोळे दिसणारी पाल दिसली तर ती अंड्यांवर आलेली मादी. हे सगळं डब्यातल्या एका सुकत चाललेल्या पिल्लापेक्षा तिला कितीतरी जास्त दाखवेल, आणि त्यासाठी कोणाला कोंडावं लागणार नाही.

एक काम राहिलं. अंडी बहुधा दोन असतात, हे वर सांगितलंच. त्याच तसबिरीच्या मागे, भिंतीच्या त्या जागी आणि खाली पडलेल्या धुळीत बघा. फुटलेली दोन कवचं मिळाली तर दुसरं पिल्लूही घरातच आहे. मखराचे खिळे ठोकताना, आरास काढताना जरा जपून. एक फुटलेलं आणि एक शाबूत मिळालं तर ते शाबूत अंडं हलवू नका. तसबीर तिथे परत लावणं अडत असेल तर पेन्सिलीने अंड्याच्या वरच्या बाजूला बारीक खूण करा, ती बाजू वरच राहील असं उचला आणि टिश्यू घातलेल्या उघड्या वाटीत, त्याच खोलीत, उंचावर ठेवा. अंड्यावर पाणी शिंपडू नका. पावलांचे फोटो आले की जातीचं पुन्हा पाहू.